खालची रांग

१२ एप्रिल

होबर्ट,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे बाजूला टाकशील, म्हणून कामाचं आधी लिहिते. आईच्या कबरीच्या खाली जो जुना ओक आहे, त्याच्या बुंध्याला तुमच्या खाणीच्या माणसांनी निळा पट्टा मारलाय. निळा म्हणजे तोडायचा, हे तूच मला कधीतरी सांगितलं होतंस. आणि ज्या लाल फितींच्या आत मशीन न्यायचं नाही, त्या फिती बांधल्यात डोंगराच्या धारेच्या पलीकडे, लॉरेलच्या झुडपांत. कबरींच्या वरच्या रांगेला त्यांची कड जेमतेम लागते, बाकी तिथे कुणालाही पुरलेलं नाही. तिथे अस्वलसुद्धा मेल्याचं मी ऐकलं नाही.

माझ्या वर्गातली मिस्टी आजोबांबरोबर रानलसूण खणायला धारेवर गेली होती, तिने पाहिलं. मी मागच्या वाटेने चढून स्वतः पाहून आले. तिचं म्हणणं खरं आहे.

तू तिथे ड्रिल चालवतोस. सुरुंगाची भोकं तूच पाडतोस. त्या डॉयल मुकादमाला एवढंच सांग की फिती चुकीच्या जागी बांधल्यात, उतरवून खाली आणा. एक वाक्य बोलायचंय. माझ्यासाठी एक वाक्य बोलणं तुला जड जातं हे ठाऊक आहे, पण हे माझ्यासाठी नाही. वरच्या रांगेत पणजोबांच्या पिढीची माणसं आहेत. खालच्या रांगेत आई, बाबा आणि तुझी लेक डेलिया. नाव लिहिलं म्हणून चिडू नकोस. पुरता महिनाही जगली नाही, तरी नाव होतंच ना तिला.

आपलं बोलणं का बंद झालं ते उगाळत बसत नाही. मी निषेधाची पाटी घेऊन खाणीच्या फाटकाशी उभी होते, तू ट्रकमध्ये होतास. तू भोंगा वाजवलास, मी हलले नाही. त्याची माफी मी आजही मागणार नाही आणि तूही मागू नकोस. तुला पगार हवा होता, मला डोंगर हवा होता. पण आईबाप दोघांचे आहेत.

उत्तर लिहायचं नसेल तर नको लिहूस. डॉयलशी बोल म्हणजे झालं.

नेवा


२१ एप्रिल

होबर्ट,

ग्लेना दुकानात भेटली. मक्याच्या पिठाची पिशवी छातीशी धरून उभी होती, मी दिसले तशी अजूनच घट्ट धरली. मी विचारलं, "पत्र मिळालं का त्याला?"

"मिळालं. फ्रिजवर ठेवलंय. उघडतही नाही आणि टाकतही नाही."

"मग तू उघड."

"नेवा, त्याच्याबरोबर एका छपराखाली मला राहायचंय, तुला नाही," म्हणाली, आणि गेली. तुझी बायको तुझ्यापेक्षा शहाणी आहे, हे मी लग्नातच म्हटलं होतं.

दुसरं पत्रही फ्रिजवरच जाणार असेल, तर खरं लिहायला हरकत नाही. मागच्या पत्रात एक गोष्ट मी गाळली. फिती नकाशाप्रमाणे बांधल्यात, आणि तो नकाशा खाणीचा नाही. आमचा आहे. माझ्या नववीच्या मुलांचा.

खाणीच्या पहिल्या नकाशात त्या धारेवर काहीच नव्हतं. त्यांचा माणूस येऊन बघून गेला आणि त्याने लिहिलं, 'विखुरलेले दगड'. आपल्याकडे कबरीवर रानातलाच दगड उभा करतात, त्यावर नाव नसतं, हे त्या शहरी बाबाला कोण सांगणार? परवान्याच्या कचेरीत मी भांडायला गेले तेव्हा तिथली बाई म्हणाली, "कबरी आहेत म्हणता तर आलेखाच्या कागदावर जागा दाखवून आणा. सभोवती शंभर फूट सोडायला लावू. कायदाच आहे तसा." मोजणीदारांना विचारलं, तर ते सगळे खाणीचीच कामं करणारे. एकजणही यायला तयार होईना.

वर्गात तेव्हा रेषेचा चढ चालू होता. दरवर्षी पोरं त्या धड्याला झोपतात. पुस्तकात बर्फावरून घसरणाऱ्या माणसाचं उदाहरण आहे. आपल्या घळीत बर्फावरून कोण मुद्दाम घसरतं? म्हणून मी पुस्तक मिटलं आणि म्हटलं, आपल्या घळीचा नकाशा काढायचा. प्रत्येकाने एक रस्ता घ्यायचा. उत्तरेकडे किती गेला, पूर्वेकडे किती गेला, एकाला दुसऱ्याने भागा, हा त्या रेषेचा चढ. ओढ्याकाठचा रस्ता आणि रेल्वेचे जुने रूळ, दोन्हींचा चढ सारखा निघाला, म्हणजे समांतर. टकर नावाचा एक आगाऊ मुलगा आहे. त्याच्या घराची वाट शाळेच्या रस्त्याला काटकोनात जाते. दोन्ही चढांचा गुणाकार उणे एकच्या जवळपास आला तेव्हा तो बाकावर उभा राहून ओरडला, "मिस नेवा, हे खरंच येतंय!" जसं काही इतके दिवस मी थापा मारत होते.

तीच पोरं मग म्हणाली की कबरीही काढू. दोन रेषा घेतल्या. एक चर्चच्या पायरीपासून आईच्या दगडापर्यंत, दुसरी झुलत्या पुलापासून आईच्या दगडापर्यंत. दोन्ही ठिकाणांहून पोरं चालत गेली, पावलं मोजत, आधी पूर्वेला आणि मग उत्तरेला. चढ काढले, रेषा ओढल्या, जिथे छेदल्या तिथे ठिपका दिला. कचेरीने शिक्का मारला. पेपरात फोटो आला. तू पाहिलाही असशील. मी निळा कोट घातला होता आणि फार खुशीत होते.

आता मी कचेरीत जाऊन बघून आले. फिती ठिपक्याच्या सभोवतीच आहेत. मग घोडं कुठे पेंड खातंय? मी सगळी गणितं पुन्हा सोडवली. वजाबाक्या बरोबर, भागाकार बरोबर. माझी खात्री आहे की कचेरीतच कुणीतरी ठिपका उतरवताना घोळ घातलाय.

तू डॉयलशी बोललास का? पत्र उघडलं नाहीस तर कसा बोलशील म्हणा.

नेवा


२९ एप्रिल

होबर्ट,

कचेरीने घोळ घातला नाही. आम्ही घातला. मी घातला.

आज तिसऱ्या तासाला मिस्टीने हात वर केला. ही पोरगी कधी हात वर करत नाही. म्हणाली, "मिस नेवा, पूर्वेकडे आम्ही खाणीच्या सपाट रस्त्याने चाललो. उत्तरेकडे डोंगर चढलो. पावलं दोन्हीकडे मोजली."

"बरोबर. मग?"

"मग कागद तर सपाट आहे. वरून बघितल्यासारखा. त्याला आमचं चढणं कुठे कळतंय?" आणि मग हळूच म्हणाली, "आम्ही पाय मोजले, मिस. जमीन नाही मोजली."

मी खडू खाली ठेवला. होबर्ट, उतरत्या छपराचा पत्रा मापला तर तो खालच्या खोलीपेक्षा लांब भरतो की नाही? तसंच झालं. वर चढताना टाकलेली पावलं नकाशावर तेवढी भरतच नाहीत. उत्तरेचा प्रत्येक आकडा फुगला, पूर्वेचा तेवढाच राहिला. दोन्ही रेषा जास्त उभ्या झाल्या आणि धारेच्या पलीकडे जाऊन एकमेकींना भेटल्या. शंभर फुटांचं वर्तुळ त्यांच्याबरोबर वर सरकलं. वरची रांग कशीबशी त्यात येते. खालची येत नाही.

सपाट ओहायोतल्या पोरांनी ही चूक केली नसती. तिथे चालणं आणि जमीन एकच. आपण या घळीत जन्मलो, आपण अंतर पायांनीच सांगतो. बाबा म्हणायचे, "आजोबांचं घर दोन दमांवर." म्हणजे वाटेत दोनदा दम घ्यायला बसावं लागतं. आयुष्यभर मी असंच ऐकलं, असंच बोलले, आणि इतकी वर्षं गणित शिकवूनही फळ्याजवळ उभी राहून मला ते दिसलं नाही.

टकर म्हणाला, "म्हणजे आपणच त्यांना दाखवून दिलं, की इथे फोडा?"

"तुम्ही नाही," मी म्हटलं. "मी."

"पण ठिपका मी दिला होता," तो म्हणाला आणि रडायला लागला. एवढा दांडगा मुलगा.

शाळा सुटल्याबरोबर कचेरी गाठली. बाईने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "बाई, आधी तुमच्या कबरी तिकडे होत्या, आता इकडे आल्या. पुढच्या महिन्यात कुठे चालल्यात?" मागे कुणीतरी हसलं. नवा नकाशा सरकारमान्य मोजणीदाराचा पाहिजे, त्यावर सुनावणी, आणि तोवर शिक्क्याचा नकाशा चालणार. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. आमचा नकाशा नसता तर निदान संशयाला जागा होती. आता सरकारी शिक्क्यानिशी लिहिलंय की आईबाबा दुसरीकडे आहेत, ही जागा मोकळी आहे.

खाण तपासणाऱ्या सरकारी माणसाला फोन लावलाय. तो म्हणतो, येईन, पण काम थांबलेलं असलं पाहिजे आणि घरच्या कुणीतरी जागेवर येऊन कबरी दाखवल्या पाहिजेत. मला फाटकातून आत घेत नाहीत, मी पाटीवाली बाई. मागच्या वाटेवरही आता पहारेकरी बसवलाय. घरचं म्हणून आत जाऊ शकेल असा एकच माणूस या पृथ्वीवर आहे आणि तो माझी पत्रं फ्रिजवर ठेवतो.

फितींचा दोष मी तुमच्या माणसांवर ढकलला होता. ते खोटं होतं. चूक माझी आहे. तुला मला टाकून बोलायचं असेल तर बोल, साऱ्या घळीसमोर बोल, पण ते मशीन थांबव.

नेवा


६ मे

होबर्ट,

आज वर्गात तुझ्या ड्रिलचा आवाज आला. तुझंच असेल असं नाही, पण मला तुझंच वाटलं. खिडक्यांच्या काचा थरथरत होत्या. मी फळ्यावर काय लिहीत होते ते मला आठवत नाही. मिस्टीने उठून खिडकी लावली.

मुख्याध्यापकांनी बोलावून सांगितलं, नकाशाचा विषय आता बंद, पालक तक्रार करतायत. निम्मी घरं खाणीवर जगतात. मी हो म्हटलं. मी आता कुणालाही हो म्हणते.

ग्लेना, हे तू वाचत असशील तर त्याला वाचून दाखव. तो जेवत असताना दाखव, तेव्हा तो उठून जात नाही.

होबर्ट, ते ओकपर्यंत आलेत. ओकच्या वर आई आहे. तुझ्या डेलियाचा दगड वीतभर आहे, गवत वाढलं की माणसाच्याही लक्षात येत नाही, तिथे त्या मशीनच्या काय येणार? तू तिथे बसून भोक पाडशील आणि तुला वाटेल कातळ लागला. मला रात्रंदिवस तेवढंच दिसतंय. तू माझ्याशी मरेपर्यंत बोलू नकोस. मी तुझ्या दारात कधी येणार नाही. फाटकावर पाटी घेऊन उभी राहणार नाही, खाणीबद्दल एक अक्षर काढणार नाही, हवं तर लिहून देते. मी हरले असं समज. पण तुझ्या हाताने तुझं लेकरू उडवू नकोस रे. नकाशावर विश्वास ठेवू नकोस. माझी बहीण गणितात चुकत नाही असं तू लहानपणी सगळ्यांना सांगायचास. मी चुकले. मी चुकले, होबर्ट.

नेवा


२ जून

होबर्ट,

काय झालं ते मला तुझ्याकडून कळलं नाही. थोडं ग्लेनाकडून कळलं, थोडं डॉयलच्या मेहुणीकडून, ती चर्चमध्ये माझ्या मागच्या बाकावर बसते आणि कुजबुजताना अख्खं चर्च ऐकतं.

ग्लेनाने पत्र वाचून दाखवलं तेव्हा तू घेवडा आणि पाव खात होतास. ताट तसंच टाकून बाहेर गेलास. दुसऱ्या दिवशी कामावर ड्रिल ओकच्या वर नेलंस, बंद केलंस आणि किल्ली खिशात टाकलीस. डॉयल वर आला.

"काय झालं रे? बिघडलं?"

"इथे कबरी आहेत."

"कबरी त्या वरती, लाल फितीत. तुझ्याच बहिणीचा नकाशा आहे. पेपरात फोटो होता तिचा, विसरलास?"

"नकाशा चुकलाय."

"मास्तरीण चुकली आणि तू बरोबर? शाळेत किती वर्षं टिकलास रे तू?"

तेव्हा तू म्हणालास म्हणे, "माझ्या पोरीची पेटी मी काखेत घेऊन इथवर आलो होतो. कुणी बरोबर नव्हतं. कुठे ठेवली ते मला नकाशाला विचारावं लागत नाही." आणि त्या वीतभर दगडाशेजारी जाऊन बसलास. डॉयलने शिव्या दिल्या, मग शेरीफला बोलावलं. काम थांबलंय कळल्यावर मी सरकारी माणसाच्या फोनची घंटी थांबू दिली नाही. दुपारी तो आला तेव्हा तू त्याला एकेक दगड दाखवलास. कोण कुठे ते नावानिशी. डेलियाचंही नाव सांगितलंस.

तुला कामावरून काढलं हे मी कुणाला विचारलं नाही. ते मला माहीतच होतं.

खालची रांग वाचली. सगळी नाही. ओकशेजारी कडेचा एक दगड होता, कुणाचा ते आपल्याला कधीच माहीत नव्हतं. तो मशीनच्या रस्त्यात गेला. त्याच्यासाठी रडायलाही कुणी नाही, म्हणून मी थोडी रडले.

कबरी फुलांनी सजवायच्या, त्या सजावटीच्या रविवारी आम्ही वर गेलो. पूर्वी तळलेली कोंबडी, मक्याचा पाव आणि फुलं घेऊन गात गात चढायचो. यंदा खाणीच्या पांढऱ्या गाडीतून नेलं, डोक्यावर प्लास्टिकचे टोप घालून. सभोवती सगळं कापून सपाट केलंय, होबर्ट. मधे आपली कबरींची टेकडी तेवढी उरलीय, ताटात उरलेल्या घासासारखी. वाऱ्याला अडवायला एक झाड नाही. कागदी फुलं उडत होती, पोरं त्यांच्यावर खडे ठेवत होती. सोबतचा माणूस घड्याळ बघत होता. गाणं एकच झालं.

तुझा ट्रक फाटकाबाहेर उभा होता, तो मला जातानाच दिसला. पहारेकरी म्हणाला, कामावरून काढलेल्याला आत सोडायचं तर वेगळा अर्ज लागतो, आणि तुझा अर्ज त्यांच्या वकिलाकडे पडून आहे. मी त्याला नको नको ते बोलले. तू काच वर करून बसला होतास. येताना पाहिलं, तरी तू तिथेच होतास. मला उतरून तुझ्याकडे यायचं होतं. तू यायचं नाही असं म्हटलं नव्हतंस, मीच लिहून दिलं होतं ना, तुझ्या दारात येणार नाही. म्हणून गाडीतून उतरले नाही. सारी वाट टोप मांडीवर घेऊन बसले.

ज्यांनी काही केलं नाही ते सगळे वर जाऊन आले आणि तू तेवढा बाहेर राहिलास. हे माझ्या गळ्याखाली उतरत नाही. वकिलाला मी पत्रं लिहितेय. तो तुझ्यासारखाच, उत्तर देत नाही.

तोवर हे एक आम्ही केलंय. वर्गातून नाही, मुख्याध्यापकांनी मनाई केलीय. शाळा सुटल्यावर मिस्टी, टकर आणि मी. मधला डोंगर गेला म्हणून आता फाटकाच्या रस्त्यावरून आपली टेकडी दिसते. आधी कधी दिसत नव्हती. पण दगड एवढा लहान, आणि मधे एवढं मोकळं, नुसतं बघून काही कळत नाही. म्हणून फाटकापासून डेलियापर्यंतची रेषा काढली. या वेळी पावलं मोजली नाहीत. सरकारी मोजणीदाराने कबरींचे नवे आकडे दिलेत, ते घेतले. आमच्या बाजूचं अंतर दोरी आडवी ताणून, ओळंबा सोडून, टप्प्याटप्प्याने घेतलं. पूर्वेला चार, तर उत्तरेला तीन, असा चढ आला. टकरने तो तीनदा तपासला. मोजणीदारालाही दाखवला, मी लाज सोडलीय आता. तो म्हणाला, बरोबर आहे.

फाटकाबाहेर, सरकारी रस्त्याच्या कडेला, जिथून कुणी तुला उठवू शकत नाही, तिथे आम्ही दोन खुंट्या ठोकल्यात. त्याच रेषेत, एकीपुढे एक. मागच्या खुंटीशी उभा राहा आणि पुढच्या खुंटीच्या डोक्यावरून सरळ बघ. नजर टेकडीला जिथे लागेल, तिथे ती आहे.

नेवा